जारमध्ये कापूस, लॅबमध्ये भुगा!

प्रश्न: मी गावच्या फिल्टर प्लांटवर आहे. नदीला गढूळ पाणी आलं म्हणून जार टेस्ट (प्रत्येक जारमध्ये तुरटीचा वेगळा डोस घालून बघायची चाचणी) लावली, लिटरला ३० मिलिग्रॅम तुरटीच्या जारमध्ये फ्लॉक, म्हणजे गाळाचे पुंजके, कापसासारखे मस्त आले. हौसेने बाटली भरून कॉलेजच्या लॅबमध्ये नेली तर मायक्रोस्कोपखाली नुसता भुगा. मॅडम म्हणाल्या, फ्लॉक झालेच नसणार. खरं कोणाचं?
– एक वाचक, संगमेश्वर तालुका

उत्तर: तुमचंच खरं, पण मॅडमना दिसलं तेही खोटं नाही, कारण तुमचे फ्लॉक रस्त्यातच मोडले हो! फ्लॉक म्हणजे गाळाचे कण आणि तुरटीपासून बनलेला चिकट हायड्रॉक्साइड यांचं विरविरीत जाळं, आत बहुतेक पाणीच. बाटलीत ओतलं, गाडीवर हिंदकळलं, वर बारीक पिपेटने ओढलं की संपलं, आणि तुरटीचे फ्लॉक एकदा मोडले की परत हळू ढवळूनही सहसा पहिल्याएवढे होत नाहीत. महागडी मशीनंसुद्धा इथे फसतात, कोल्टर काउंटर कण बारीक भोकातून ओढून मोजतो, त्यात नाजूक फ्लॉक फुटतात आणि रिपोर्टमध्ये साइज लहान येतो. म्हणून समुद्राच्या पाण्यातले असले पुंजके बघायला कॅमेराच पाण्यात सोडतात.

तुम्हीही तेच करा, मोबाईल पुरे. चौकोनी काचेच्या भांड्यात पाणी भरा, मागे काळा कागद, फ्लॉक पडणार त्याच रेषेत आत पट्टी उभी करा (बाहेर चिकटवली तर माप चुकतं). जारमधले फ्लॉक रुंद तोंडाच्या नळीने, म्हणजे पिपेटचं टोक कापून, अलगद उचलून वर सोडायचे आणि व्हिडिओ घ्यायचा. भांडं उन्हात नको, काचेजवळचं पाणी तापून वर चढतं आणि फ्लॉकही उलटे वर जाताना दिसतात, मी एकदा यात अख्खी दुपार घालवली आहे.

समजा अर्ध्या मिलिमीटरचा फ्लॉक २ सेंटीमीटर उतरायला २० सेकंद घेतो, म्हणजे सेकंदाला १ मिलिमीटर. तेवढाच वाळूचा कण सेकंदाला साधारण ७ सेंटीमीटर जातो! यावरून फ्लॉक किती पोकळ आहे ते कळतं, त्यामुळे नुसता मोठा फ्लॉक बघून खूश होऊ नका, कधी कधी लहान पण घट्ट फ्लॉकच आधी बसतो. डोस ठरवताना अर्धा तास जार स्थिर ठेवून वरच्या पाण्याची टर्बिडिटी (गढूळपणा) मोजाच. आणि मॅडमना बाटली पाठवू नका, प्लांटवरच बोलवा.