नावाचे पैसे वेगळे, ठोकळ्याचे वेगळे

गेल्या अंकात लेगोच्या, म्हणजे डेन्मार्कच्या कंपनीच्या एकात एक बसणाऱ्या प्लास्टिक ठोकळ्यांच्या, संचांबद्दल पत्रं मागवली होती. आली ती बहुतेक सिनेमांच्या नावाने निघणाऱ्या संचांवर आणि त्यावरून चाहत्यांत चाललेल्या भांडणांवर. उत्तरं देणारा मी बेळगावच्या उद्यमबागेत आयुष्यभर लाकडी पॅटर्न करत आलेला माणूस. ज्याच्यावरून फाउंड्रीत वाळूचा साचा पडतो, ते पॅटर्न. त्यामुळे ठोकळा हातात आला की आधी त्याची कड बघतो आणि मग खोक्यावरचं चित्र. ही खोड वाचकांनी चालवून घ्यावी.

मामा, स्टार वॉर्स सिनेमातला तो गोल अवकाशतळ, डेथ स्टार, त्याच्या नव्या संचाला हजार डॉलर! वर तो गोळा नाहीच, कलिंगडाची मधली चकती उभी केल्यासारखं काहीतरी आहे. सगळीकडचे चाहते भडकलेत. बंगळूरचा माझा मित्र म्हणतो, यांना काहीही द्या, हे रडणारच. तुम्ही कुणाच्या बाजूने, सांगा की ओ.
— एक इंजिनिअर, टिळकवाडी

मित्राचं निम्मं बरोबर आहे. मागचं जरा आठवा. २००५ मध्ये ३,४४१ तुकड्यांचा डेथ स्टार आला. अर्धवट बांधकामातला करडा गोळा, लांबून बघत बसावा असा, पण खेळायला आत खोल्या नाहीत. २००८ मध्ये ३,८०३ तुकड्यांचा आला. त्यात मजले उघडे ठेवले, खोल्या केल्या, बाहुल्या भरल्या. तो इतका चालला की २०१६ मध्ये तोच थोडा डागडुजी करून ४,०१६ तुकड्यांत परत आणला आणि अमेरिकेत ४०० डॉलरचा ५०० डॉलर केला. तेव्हा ओरड झाली की जुनंच गळ्यात मारलं. आणि २०२५ मध्ये ९,०२३ तुकडे, ३८ बाहुल्या, किंमत ९९९.९९ डॉलर आणि आकार साफ वेगळा, तर आता ओरड की हे आमचं नव्हे.

एवढ्यावरून चाहते नाठाळ असं म्हणता येत नाही. या वस्तूचं सगळं नाव तिच्या गोलपणावर उभं आहे. सिनेमात तिला लांबून चंद्र समजतात. समोरून भरगच्च दिसणारा संच बाजूने पाहिला की पाटीसारखा चपटा निघतो, आणि हजार डॉलर मोजणारा माणूस तो बाजूनेही बघणारच. राग इथला आहे आणि तो खरा आहे.

पण करणाऱ्याच्या जागी बसून बघा. बाहुली साधारण चार सेंटीमीटर उंच. तिला उभं राहता येईल अशा खोल्या केल्या तर गोळा बंद करता येत नाही, कारण आत हात जात नाही. गोळा बंद केला तर खोल्या दिसत नाहीत. २००५ मध्ये त्यांनी एक सोडलं, २०२५ मध्ये दुसरं सोडलं. मी याला फसवणूक म्हणणार नाही. आवडनिवड आहे. मला स्वतःला २००५ चा गोळा आवडतो, हेही सांगून टाकतो.

आता किमतीचं. चाहत्यांचं ठरलेलं माप म्हणजे तुकड्यामागे दहा सेंट. या मापाने हा संच अकरा सेंटला पडतो. २०१७ चा मिलेनियम फाल्कन, त्याच सिनेमातलं अवकाशयान, ७,५४१ तुकडे आणि ७९९.९९ डॉलर, तो साडेदहाच्या पुढे होता. म्हणजे त्यांच्याच मापाने लूट काही सिद्ध होत नाही! मुळात हे मापच मला पटत नाही. नखाएवढी चकती हाही एक तुकडा आणि तळहाताएवढी प्लेट हाही एक तुकडा. आपल्या उद्यमबागेत कास्टिंगचा भाव किलोवर बोलतात, नग मोजून कुणी बोलत नाही, त्याला कारण आहे. तुकड्यांचा आकडा मोठा करणं सोपं. बारक्या चकत्या वाढवल्या की झालं.

आणि तुकडे मोजताना नावाचे पैसे कुणी वेगळे काढत नाही. सिनेमावाल्यांना परवान्याची रॉयल्टी द्यावी लागते आणि ती खोक्याच्या किमतीत बसलेली असते. लेगोने १९९९ मध्ये स्टार वॉर्सपासून हा रस्ता धरला. मी दोन खाती करायला सांगतो. खोक्यावरचं नाव झाका आणि विचारा, या ठोकळ्यांना मी किती देईन? मग नाव उघडा आणि विचारा, या नावाला मी किती देईन? दुसरा आकडा तुमच्या मनातला, त्यावर वाद नको. वाद पहिल्या आकड्यावर घाला. भारतात तिसरं खातंही आहे, सरकारचं. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेली आणि २०२३ मध्ये ७० वर. ते डेन्मार्कवाल्यांच्या नावावर घालू नका.

तर मी चाहत्यांच्या रागाच्या बाजूने आहे आणि त्यांच्या गणिताच्या विरुद्ध.

काकांकडच्या जुन्या हॅरी पॉटरचा चेहरा पिवळाधमक आहे, माझ्याकडच्याचा माणसासारखा. काका म्हणतात त्यांचाच खरा. — इयत्ता सातवी, उगार

दोन्ही खरे. लेगोच्या बाहुल्या १९७८ पासून पिवळ्या होत्या. कुणा एका वंशाची माणसं वाटू नयेत म्हणून तो रंग. हॅरी पॉटरचे संच २००१ मध्ये सुरू झाले तेव्हाही तीच रीत होती. पण परवान्याची बाहुली म्हणजे पडद्यावरचा ठरावीक नट. २००३ मध्ये स्टार वॉर्समधल्या लॅन्डो या पात्राच्या बाहुलीला तपकिरी चेहरा दिला आणि २००४ पासून सिनेमांच्या बाहुल्यांना माणसांचे रंग आले. साध्या शहर-किल्ल्यांच्या संचांतली माणसं अजून पिवळीच असतात. काकांचा हॅरी दुर्मीळ होत चाललाय. त्याचा झगा हरवू देऊ नकोस.

मामा, एवढे पैसे घेऊन वर स्टिकर चिकटवायला का लावतात? माझा वाकडा बसला. काढायला गेलो तर फाटला. — इयत्ता नववी, खानापूर

चाहत्यांची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात रास्त तक्रार तू केलीस बाळा. कारण सांगतो, समर्थन करत नाही. छापलेला तुकडा म्हणजे कारखान्यात एक वेगळा नग. त्याला वेगळी छपाई, वेगळी पेटी, वेगळी मोजणी. स्टिकरचा एक कागद आत टाकला की वीस वेगळे नग सांभाळायचं काम वाचतं. छोट्या संचात हे मी समजून घेईन. मोठ्यांसाठीच्या महाग संचात नाही.

आता वाकडेपणाचं. तुकडा आधी कोरड्या कापडाने पूस. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब वाटीभर पाण्यात टाक आणि त्यातलं बोटभर पाणी तुकड्यावर पसर. स्टिकर चिमट्याने धर, बोटाने नको. बोटाचं तेल गोंद खातं. पाण्यावर तो सरकतो, हवा तसा बसवता येतो. कडा सारख्या दिसल्या की मधून बाहेर कापडाने दाबत पाणी काढ आणि रात्रभर हात लावू नकोस. फाटलेला स्टिकर विसर. नुसता कोरा तुकडा फाटक्यापेक्षा बरा दिसतो.

मुलाला हॅरी पॉटरचा वाडा पाहिजे. बाजारात अगदी तस्साच मिळतोय, पाव किमतीत. भाऊ म्हणतो बेकायदा आहे, दुकानदार म्हणतो काही नाही हो वहिनी. — एक आई, निपाणी

यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. ठोकळ्याच्या जोडणीचं पेटंट २८ जानेवारी १९५८ चं. ते केव्हाच संपलं. ठोकळ्याच्या आकारावर ट्रेडमार्क ठेवायचा लेगोचा प्रयत्नही युरोपच्या न्यायालयाने २०१० मध्ये फेटाळला. त्यामुळे लेगोला जुळणारे ठोकळे कुणीही करावेत, आपल्या नावाने विकावेत, ते नकली नव्हेत. पण हॅरीचा चेहरा, वाड्याचं नाव, संचाचा जसाच्या तसा आराखडा आणि खोक्यावरचं चित्र उचलणं ही चोरी आहे. चीनमधल्या लेपिन नावाच्या मालावर शांघाय पोलिसांनी २०१९ मध्ये धाड घातली ती असल्याच मालासाठी. तुम्हाला दाखवलेला 'तस्साच' याच जातीचा दिसतो.

मला मात्र त्याहून काळजी मुलाची. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह लागतंच. खोक्यावर ते चिन्ह आणि त्याच्याजवळ परवाना क्रमांक आहे का बघा. नसेल तर प्लास्टिक कसलं, रंग कसला, याचा काही भरवसा नाही. आणि दुकानदाराला दोन ठोकळे जोडून दाखवायला सांगा. चांगला ठोकळा थोड्या जोराने बसतो, बसल्यावर उलटा धरला तरी पडत नाही आणि काढताना दात लावावे लागत नाहीत. ठोकळ्याचं एबीएस जातीचं प्लास्टिक साच्यात थंड होताना आकसतं. ते किती आकसेल हे आधी धरून साचा करायचा, यातच सगळी कारागिरी आहे. आमच्या पॅटर्नमध्येही लोखंड आकसणार म्हणून फुटपट्टीच वेगळी वापरतात. १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो, ती किमया या आकसण्याच्या हिशेबाची आहे. पाव किमतीत आधी कात्री लागते ती इथेच.

हॅरीचाच हवा असेल तर छोटा संच घ्या. वाडा ६,०२० तुकड्यांचा आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलाचा त्यात जीव जाईल आणि तुमचाही.

माझे मिस्टर बेचाळिसाचे. पगार झाला की खोकं येतं. सासूबाई म्हणतात दृष्ट काढू या. — अनगोळ

दृष्ट काढा, पण उपयोग होईल असं वाटत नाही. २०२० पासून खोक्यांवर चक्क १८+ छापतात. गिऱ्हाईक तुमचे मिस्टरच आहेत. एवढंच बघा की कपाट पश्चिमेच्या खिडकीसमोर नको, उन्हाने पांढरे ठोकळे पिवळट पडतात. आणि धूळ त्यांनीच झटकायची, रंगाच्या मऊ ब्रशने. हे लग्नातल्या सप्तपदीइतकं पक्कं ठरवून घ्या.

खोकी न उघडता ठेवली तर सोन्यासारखी वाढतात म्हणे. दहा-बारा घेऊन ठेवू का? — एक व्यापारी, चिकोडी

नको. २००७ चा फाल्कन लोकांनी असाच दडवला होता. २०१७ मध्ये कंपनीने मोठा आणि चांगला फाल्कन काढला आणि जुन्याचा भाव खाली आला. कंपनी कधी काय परत आणेल हे तुमच्या हातात नाही. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात माळ्यावरच्या पुठ्ठ्याचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

मामा, ताजमहाल निघाला, जपानचा किल्ला निघाला. आमच्या शिवरायांचा किल्ला का नाही? आम्ही गल्लीतली पोरं सह्या गोळा करायला तयार आहोत. — तरुण मंडळ, शहापूर

हे पत्र वाचून बरं वाटलं. ताजमहाल २००८ मध्ये आला, ५,९२२ तुकड्यांचा. २०१७ चा फाल्कन येईपर्यंत जवळजवळ नऊ वर्षं तुकड्यांच्या संख्येत तोच सगळ्यात मोठा होता. जपानचा हिमेजी किल्ला २०२३ मध्ये, २,१२५ तुकड्यांत. दोन्हींत कुठल्या सिनेमाचं नाव नाही. म्हणजे नावाचं खातं कोरं असतानाही लोक घेतात.

सह्या कागदावर चालत नाहीत. लेगो आयडियाज नावाची त्यांची सोय आहे. आपण बांधलेला नमुना तिथे मांडायचा, दहा हजार लोकांचा पाठिंबा मिळाला की कंपनी तपासून ठरवते. संच निघाला तर मूळ कल्पना करणाऱ्याला निव्वळ विक्रीच्या एक टक्का मिळतो. २०२१ चं होम अलोन या सिनेमातलं ३,९५५ तुकड्यांचं घर युक्रेनमधल्या एका चाहत्याच्या नमुन्यातून आलं. दहा हजार पार झाले तरी बहुतेक नमुने नाकारले जातात, हे आधीच सांगतो. नाकारल्यावर दंगा नको. आणि पाठिंब्याआधी मुळात नमुना लागतो. बांधलाय का कुणी?

बांधला नसेल तर आपल्याकडे दिवाळीत गल्लोगल्ली किल्ले होतात त्याच पद्धतीने सुरू करा. रायगडाला हात घालू नका, फार मोठा आहे. येळ्ळूरचा राजहंसगड घ्या. सायकलवरून जाऊन बुरूज मोजता येतात, फोटो काढता येतात. ठोकळ्याची उंची ९.६ मिलीमीटर आणि दोन गाठींतलं, म्हणजे ठोकळ्यावरच्या गोल उंचवट्यांतलं, अंतर ८ मिलीमीटर. हे दोन आकडे धरून चौकोनी वहीवर आधी आडवा नकाशा काढा. वीस थरांचा बुरूज १९ सेंटीमीटरच्या वर जातो, बाहुलीच्या जवळजवळ पाचपट. तेवढा पुरे.

बुरूज गोल कसा करायचा, हे तुम्ही विचारलं नाहीत तरी पुढचं पत्र त्याचंच येणार. कोपरे काढून पायऱ्यापायऱ्यांचा गोल करू नका, लांबून करवतीसारखा दिसतो. दोन गाठींचा ठोकळा, त्याच्याशेजारी एका गाठीचा गोल ठोकळा, परत दोन गाठींचा, असा एक थर लावा. प्रत्येक वरच्या थरात तेच, पण दर वेळी त्याच बाजूला आणखी एक गाठ सरकवून. गोल ठोकळ्यांच्या जागी भिंतीला बिजागरी मिळते आणि सगळी भिंत हाताने हळूहळू वळवता येते. एकदम वाकवू नका, दोन्ही टोकांकडून थोडं थोडं. आतून आधार द्या, नाहीतर ती सुटते. करडे आणि गडद तपकिरी ठोकळे मिसळा, मधूनच एखादा हिरवा, शेवाळाचा. मावळे मातीचेच ठेवा, मात्र आपल्या बाजारातले घेताना चार-पाच सेंटीमीटरच्या वर नकोत, नाहीतर मावळा बुरजाला टेकून उभा राहील आणि दरवाजातून आत जाणार नाही.