वाचक विचारतात: ह्योगरच्या विटा आणि मुंबईचा पाऊस

प्रश्न: विलेपार्ल्यातल्या आमच्या दुमजली घराच्या पश्चिमेच्या भिंतीला जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या चिलेहाउस या कचेऱ्यांच्या इमारतीसारख्या काळपट, उघड्या विटा हव्या आहेत. कंत्राटदार म्हणतो, झामा (भट्टीत जास्त भाजून काळपट झालेल्या) विटा लावू, दिसायला तेच. लावाव्यात का?

उत्तर: कंत्राटदाराचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. जर्मन वास्तुकार फ्रिट्झ ह्योगरने 1922 ते 1924 दरम्यान चिलेहाउस बांधलं, तेव्हा सुमारे 48 लाख गडद विटा वापरल्या. त्या एकसारख्या नव्हत्या. रंग जांभळट ते तपकिरी, काही किंचित वाकड्या. म्हणून ती प्रचंड भिंत उन्हात सपाट न दिसता जिवंत वाटते. पण भार विटांवर नाही, आतल्या आरसीसी सांगाड्यावर आहे. विटांचं काम अंगावरचं पाणी झटकण्याचं, आणि ते जमतं कारण त्या इतक्या भाजलेल्या असतात की मातीचे कण वितळून एकजीव होतात.

तेव्हा रंग पाहून वीट घेऊ नका, तोलून घ्या. लॉटमधून पाच विटा काढून प्रयोगशाळेतल्या भट्टीत 105 ते 115 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, थंड झाल्यावर तोला, 24 तास पाण्यात बुडवा, पुसून तीन मिनिटांत पुन्हा तोला. तीन किलोची साधी वीट 600 ग्रॅमपर्यंत पाणी पिऊ शकते. भारतीय मानकात साध्या विटेला 20 टक्क्यांची मुभा आहे. चांगली क्लिंकर वीट, म्हणजे चिलेहाउससारखी कडक भाजलेली, दोनशे ग्रॅमच्या आतच थांबते. आपल्याकडच्या झाम्यात एकाच ढिगात दोन्ही टोकं सापडतात. शिवाय वेड्यावाकड्या विटेमुळे दरज (दोन विटांमधला सांधा) कुठे आठ मिलिमीटर, कुठे वीस होते आणि जाड दरजेत माल आकसून बारीक भेग पडते. झामा लावायचाच तर हाताने निवडून, कडा सरळ असलेलाच लावा.

गवंडी सवयीने विटा भिजवतील. या विटा भिजवू देऊ नका. वीट पाणी ओढत नाही, त्यामुळे ओली लावली की मालावर तरंगते आणि ओळंबा सुटतो. माल एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू असा, जरा घट्टच कालवा. वाळू खारी नको, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यानंतर लोणा (क्षारांचा पांढरा थर) फुटेल. फुटलाच तर कोरड्या ब्रशने झाडा. ॲसिड मारलं तर दरजेतला चुना जातो.

मासिकांत दिसणारी खोल कोरलेली दरज पश्चिमेच्या भिंतीला नको. त्या खाचेत वाऱ्याने मारलेलं पाणी बसून राहतं. माल थोडा आवळल्यावर गोल सळईने दाबून किंचित आत वळलेली दरज काढा. विटांचा थर आणि मागची भिंत यांत 40 मिलिमीटर मोकळी जागा, तळाशी दर 60 ते 90 सेंटिमीटरला पाणी निघायला भोक, आणि दोन्ही भिंती जोडणाऱ्या पट्ट्या 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या ठेवा. समुद्राच्या हवेत साधं लोखंड गंजून फुगतं आणि विटाच बाहेर ढकलतं. पट्ट्या किती, ते अभियंत्याकडून ठरवून घ्या. पुढे आलेल्या प्रत्येक विटेचा माथा बाहेर उताराचा हवा.

प्रश्न: ह्योगर विद्यापीठात शिकला नव्हता आणि नाझी पक्षात होता, हे खरं का? – वास्तुकलेची विद्यार्थिनी, माटुंगा

उत्तर: दोन्ही खरं. 1877 साली होल्श्टाइनमध्ये जन्म, आधी सुतारकाम, मग हॅम्बुर्गच्या बांधकाम शाळेत शिक्षण. 1932 मध्ये तो पक्षात गेला. अपेक्षिलेली मोठी सरकारी कामं मात्र त्याला मिळाली नाहीत. विटांवरची त्याची पकड मान्य करताना ही निवड झाकू नये. चिलेहाउसपुरतं थांबू नका: हानोफरच्या आन्झायगर इमारतीचा तांब्याचा घुमट आणि विल्हेल्म्सहाफेनच्या नगरभवनाच्या मनोऱ्यात दडवलेली पाण्याची टाकी यांचे छेद जरूर काढून पाहा.