बेसवाला गेला, आता पुढं?

बेस गिटार वाजवणाऱ्या जेसन न्यूस्टेडनं मेटालिका हा अमेरिकन हेवी मेटल बँड सोडला, तो खरंच मानेच्या दुखण्यामुळं का? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

दुखणं खोटं नव्हतं. चौदा वर्षं स्टेजवर डोकं घुसळल्यावर दुसरं काय होणार! जानेवारी 2001 मध्ये बाहेर पडताना त्यानं खासगी कारणं आणि शरीराची झीज, दोन्ही सांगितली. पण ठिणगी पडली ती एकोब्रेन या त्याच्या दुसऱ्या बँडवरून. त्याला त्या बँडचा अल्बम काढायचा होता, मेटालिकाचा गायक-गिटारवाला जेम्स हेटफिल्डला ते मान्य नव्हतं. आणखी मागं जा. 1986 मध्ये बँडचा आधीचा बेसवाला क्लिफ बर्टन स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला, त्याच्या जागी न्यूस्टेड आला. 1988 चा ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ हा अल्बम हेडफोन लावून ऐका आणि त्याचा बेस शोधून दाखवा. मिक्सिंगमध्येच दाबलाय. बँडसोबतच्या पहिल्याच पूर्ण अल्बमात ज्याचा आवाज असा गिळला गेला, तो इतकी वर्षं टिकला याचंच मला नवल वाटतं.

आमच्या ऑर्केस्ट्रातला बेसवाला पुण्याला गेला. कीबोर्डवाला म्हणतो, डाव्या हातानं मी सांभाळतो. गणपतीच्या सुपाऱ्या घेतल्यात. जमेल का? – लातूर

सुपारी निभावेल, गाण्याचा ठुमका मात्र कमी होईल. बेसवाला सूर लावतो तितक्याच विचारानं तो बंद करतो. किकवर (पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमवर) सूर पडतो आणि स्नेअर (काठीनं वाजणारा कडक आवाजाचा ड्रम) वाजायच्या आत बोट तारेवर टेकवून तो दाबला जातो. कीबोर्डवाल्याचा पाय सस्टेन पेडलवर (सूर लांबवणाऱ्या पेडलवर) असला की खालचे सूर एकमेकांत मिसळून नुसता चिखल होतो. म्हणून कीबोर्ड स्प्लिट करून, म्हणजे त्याचे दोन भाग पाडून, डावीकडं फिंगर बेसचा (बोटानं वाजवलेल्या बेसचा) टोन लावा, पेडल बाजूला काढा, उजव्या हातानं खालच्या सप्तकात कॉर्ड धरायला मनाई करा. एक दिवस तालमीला फक्त ड्रमवाला आणि हा डावा हात बसवा. गायकांना त्या दिवशी सुट्टी.

मोबाईलवर बेस ऐकूच येत नाही. मग तो नसला तर काय बिघडतं? – अंबाजोगाई

चार तारी बेसची सगळ्यात जाड तार 41 हर्ट्झच्या आसपास वाजते. मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरला इतका खालचा सूर झेपत नाही, यात बेसवाल्याचा काय दोष? आणि डीजेच्या भिंतीपुढं छाती हादरते, त्यावरूनही बेस ओळखू नका.

नव्या बेसवाल्याला बरोबरीचा हिस्सा द्यायचा की कार्यक्रमागणिक पैसे? – नांदेड

दोन्ही रीती जगात चालतात. रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश बँडमधून 1993 मध्ये बेसवाला बिल वायमन बाहेर पडला. त्यानंतर डॅरिल जोन्स बेस वाजवत आला, पण बँडचा अधिकृत सदस्य झाला नाही. उलट मेटालिकानं 2003 मध्ये रॉबर्ट ट्रुहीयोला थेट सदस्य केलं, वर दहा लाख डॉलर आगाऊ देऊ केले. माझं मत विचाराल तर एक लग्नसराई कार्यक्रमागणिक द्या, मग बसून ठरवा. पण हे त्याला पहिल्याच दिवशी सांगा. ‘तू आपल्या घरचाच’ म्हणायचं आणि पाकीट मात्र हेल्पराएवढं, हे धंदे नकोत.

पंधरा वर्षांनी मीच ग्रुप सोडतोय. कसं सांगू? – परभणी

महालक्ष्म्यांच्या तोंडावर सांगू नका. घेतलेल्या तारखा वाजवा. कोणतं गाणं कोणत्या पट्टीत आणि गायिकेसाठी किती उतरवलेलं, ते वहीत लिहून नव्या मुलाला द्या. कडवटपणा असला तरी बोलणं तोडू नका. 2009 मध्ये क्लीव्हलँडला मेटालिकाचा सन्मान झाला तेव्हा न्यूस्टेड आणि ट्रुहीयो दोघंही स्टेजवर वाजवत होते. आणि उचल घेतली असेल तर आधी ती फेडा.