अण्णांना आठवीतला खो-खो आठवतो, सकाळची गोळी नाही

ज्येष्ठांच्या विसरण्याबद्दल सल्ला घ्यायला लोक आमच्याकडे येतात, तशीच वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीतून सून आपल्या सासऱ्यांना घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वय ७४, रक्तदाबाची गोळी चालू, पत्नी जाऊन दीड वर्ष झालेलं, मुलगा मुंबईला. तिचा प्रश्न आमच्याकडे फार घरांतून येतो. "आठवीतल्या खो-खोच्या सामन्यात कोण कितव्या पाटीवर बसलं होतं ते अण्णा घडाघडा सांगतात. पेटी शिकवणाऱ्या बुवांनी पहिल्या दिवशी काय वाजवून घेतलं तेही. आणि सकाळची गोळी घेतली का विचारलं की गप्प. माणूस असा मागे जायला लागला म्हणजे डोकं गेलं, असं शेजारी म्हणतात. खरं का?"

मागे जाणं हा आजार नव्हे. १९६३ साली रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी मांडलं, की उतारवयात आयुष्य परत उलगडून बघणं ही मनाची स्वाभाविक क्रिया आहे. तोवर डॉक्टरमंडळीही त्याला सरसकट म्हातारचळ समजत. त्यातही साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी सगळ्यांच्याच जास्त ठळक राहतात. सगळं पहिल्यांदा घडलेलं असतं, आणि नंतर शंभरदा सांगून पक्कं झालेलं असतं. सकाळच्या गोळीचं तसं नाही. ती रोजच्यासारखीच, त्यामुळे आजची कुठली नि कालची कुठली हे मेंदूने नव्याने नोंदवावं लागतं. ही नवी नोंद करणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग वयाने आणि आजारानेही लवकर थकतो. नवं आधी जातं आणि जुनं शेवटी, हे फ्रान्सच्या तेओद्यूल रिबो यांनी १८८१ सालीच लिहून ठेवलंय.

पण याचीच दुसरी बाजू घरच्यांना पटवायला आम्हाला जास्त वेळ लागतो. "सगळी नावं सांगतात, म्हणजे डोकं शाबूत आहे," या समाधानात कित्येक महिने फुकट जातात. जुनं लख्ख आठवणं हे तब्येतीचं प्रमाणपत्र नाही. म्हणून आम्ही सुनेला खो-खोबद्दल नाही, या आठवड्याबद्दल विचारलं. तोच प्रश्न अर्ध्या तासात पुन्हा करतात का? बाजारात सुट्ट्या पैशांचा हिशेब जमतो का? नेहमीच्या वाटेवर चुकले का? चहा करताना एखादी पायरी गळते का? चष्मा कुठे ठेवला ते विसरणं चालतं. चष्मा कशासाठी असतो ते विसरलं तर थांबू नये. अण्णांचा चहा ठीक होता, वाटही चुकली नव्हती. मात्र अर्ध्या तासात तोच प्रश्न पुन्हा येत होता, मासळीवालीला दोनदा पैसे जास्त दिले होते, आणि हे आठ-नऊ महिन्यांत हळूहळू आलं होतं. हाच गोंधळ दोन-चार दिवसांत झाला असता तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यायला सांगितलं असतं. लघवीचा जंतुसंसर्ग, पक्षाघाताचा छोटा झटका, किंवा लघवी वाढवणाऱ्या बी.पी.च्या गोळीमुळे रक्तातलं सोडियम उतरणं ही त्याची नेहमीची कारणं.

घड्याळ काढून ११ वाजून १० मिनिटं दाखवायला सांगितलं. आकडे जागच्या जागी, पण मोठा काटा २ वर न जाता १० वर गेला. एवढ्यावरून निदान होत नाही. तपासणी टाळू नये एवढंच कळतं. "मग काय, रत्नागिरीला न्यायचं?" सुनेचा आवाज बसला. रत्नागिरीला म्हणजे मनोरुग्णालयात, हा अर्थ आपल्याकडे सगळ्यांना कळतो आणि त्या एका भीतीने माणसं घरीच बसतात. सुरुवात तालुक्याच्या फिजिशियनकडे होते. रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड, साखर, सोडियम, हिमोग्लोबिन तपासायचं. शिवाय घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्यायच्या. अण्णांच्या पिशवीत सर्दी-खाजेची झोप आणणारी गोळी निघाली, दुकानातून आणून रोज रात्री घेतलेली. अशा गोळ्या म्हातारपणी स्मरण मंद करतात. ॲसिडिटीची गोळीही कित्येक वर्षं चालू. तिने बी-१२ कमी होऊ शकतं, आणि ते कमीच निघालं. दोन्ही कानांत मळ घट्ट बसलेला. जे नीट ऐकूच आलं नाही ते लक्षात कुठून राहणार?

औषधं डॉक्टरांनी बदलली. आमच्याकडचं काम होतं त्या जुन्या आठवणींचं. सून त्या थांबवू बघत होती, आम्ही त्यांचाच आधार घेतला. आठवड्यातून तीन दिवस, दुपारी जेवणानंतरची झोप झाल्यावर, अर्धा तास. एकच नियम कडक: परीक्षा घ्यायची नाही. "त्याचं नाव काय होतं, आठवा बघू" म्हटलं की माणूस मिटतो.

माळ्यावरची पेटी काढायला सांगितलं, पण आधी दुरुस्तीला पाठवून. आपल्याकडच्या दमट हवेत लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, पितळी सुरांवर हिरवट थर चढतो, भात्याला फटी पडतात. पेटीचे पुढचे खटके (स्टॉप) बंद ठेवून भाता मारावा; हवा लगेच निघून गेली तर गळती आहे. अशी पेटी तशीच पुढे ठेवली तर आवाज येत नाही, आणि म्हातारा माणूस दोष पेटीला न देता आपल्या हाताला देतो. तिथेच सगळं संपतं. उन्हात वाळवू नये, लाकूड तडकतं.

पहिल्या दिवशी अण्णांना अलंकारांची नावं सांगता येईनात. बोटं मात्र गेली: सारेग, रेगम, गमप. हातांची आठवण मेंदूत निराळ्या वाटेने साठते, हिप्पोकॅम्पसवर फारशी अवलंबून नसते. मग घरच्यांनी आवाजाला सोपं म्हणून काळी एक (म्हणजे पहिली काळी पट्टी 'सा') धरायला लावली, आणि बोटं अडखळली. लहानपणी त्यांनी काळी चारवरून शिकलेलं. बोटांना पट्ट्या त्या सुरातल्याच माहीत. आम्ही सांगितलं, पहिले दोन आठवडे गाणं नको. काळी चारवरच नुसतं वाजवू द्या.

खो-खोला धोका असतो. आठवणीच्या भरात खांबाला वळसा कसा घालायचा ते करून दाखवायला माणूस उठतो, आणि खुबा मोडतो. म्हणून खेळ पाटावर मांडला: दोन टोकांना दोन वाट्या म्हणजे खांब, मध्ये आठ चिंचोके, एकाआड एक उलट तोंडाचे (तोंडाच्या बाजूला खडूचा ठिपका), नववा पाठलागाचा, आणि पळणारे तीन. नातवाने खो समोरून दिला तर अण्णा ओरडले, "मागसून दी, फुडसून नाय!" दोन वाक्यांपलीकडे न बोलणारा माणूस मग वीस मिनिटं बोलत होता.

त्या बोलण्यात एक हरलेला सामना सारखा यायचा आणि अण्णा गप्प व्हायचे. सून विषय बदलायची. आम्ही तिला विचारायला सांगितलं, "मग त्या दिवशी घरी कसे आलात?" उत्तर आलं की वडिलांनी मारलं, आईने लपवून पेज दिली. त्यानंतर सामना येत राहिला, गप्प होणं कमी झालं. रडू अनावर होत असेल, झोप-जेवण सुटत असेल, तर मात्र थांबून समुपदेशकाशी बोलावं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

गोळीसाठी सात खणांचा डबा आणला. खण रिकामा म्हणजे घेतली. आता आठवायचा प्रश्नच नाही. अर्ध्या तासात तोच प्रश्न येणं घटलंय. पैशांची चूक अजून होते, म्हणून बँकेच्या कामाला मुलगा सोबत असतो, आणि सहा महिन्यांनी घड्याळ पुन्हा काढून घ्यायचं ठरलंय.