वाचकांचे प्रश्न : नर्सिंगच्या प्रवेशाआधीचे विज्ञान विषय

प्रश्न : मी २००९ साली वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. सध्या अमेरिकेत, न्यू जर्सीमध्ये राहते आणि आठवड्यातून वीस तास नोकरी करते. मुलगी आता शाळेत जाऊ लागल्यामुळे नर्सिंगची पदवी घेण्याचा विचार पक्का केला आहे. जवळच्या कम्युनिटी कॉलेजने (दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या स्थानिक कॉलेजने) प्रवेशापूर्वी पूर्ण करावयाच्या विषयांची यादी दिली आहे : रसायनशास्त्र, अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचे (शरीररचना आणि शरीरक्रिया) दोन भाग, मायक्रोबायॉलॉजी (सूक्ष्मजीवशास्त्र), संख्याशास्त्र, विकासात्मक मानसशास्त्र आणि पोषणशास्त्र. माझ्या जुन्या पदवीतील विषय यात धरले जातील का? हे सारे एका वर्षात आटोपता येईल का, आणि कोणत्या क्रमाने?

उत्तर : आधी जुन्या पदवीबद्दल. परदेशी पदवीचे मूल्यमापन करणाऱ्या डब्ल्यूईएस किंवा ईसीई यांसारख्या संस्थेकडून विषयवार अहवाल मागवावा लागतो. केवळ ‘पदवी समकक्ष आहे’ असे सांगणारा छोटा अहवाल येथे उपयोगी पडत नाही, कारण कॉलेजला प्रत्येक विषयाचे क्रेडिट (तासांवरून ठरणारे विषयाचे वजन) आणि श्रेणी पाहायची असते. आपली महाविद्यालयीन गुणपत्रके विद्यापीठाकडून थेट त्या संस्थेकडे जावी लागतात आणि या कामात बराच वेळ जातो, म्हणून विषयांची नोंदणी करण्याआधी हे काम हाती घ्यावे. इंग्रजी किंवा सामाजिक शास्त्रांचे काही विषय या अहवालावर माफ होऊ शकतात. विज्ञानाच्या बाबतीत मात्र फारशी आशा ठेवू नये. वनस्पतिशास्त्राचा कोणताही पेपर मानवी शरीररचनेच्या जागी चालत नाही. पहिल्या वर्षी शिकलेले रसायनशास्त्र एरवी चालले असते, पण विज्ञानाचे विषय मागील पाच, सात किंवा फार तर दहा वर्षांत उत्तीर्ण झालेले असावेत अशी अट बहुतेक कॉलेजे घालतात, आणि २००९ ची पदवी या कुठल्याच मर्यादेत बसत नाही.

या मूल्यमापनाचा आणखी एक उपयोग आहे. ज्यांच्याकडे आधीच एखादी पदवी आहे, त्यांच्यासाठी साधारण वर्ष-दीड वर्षात बीएसएन (नर्सिंगची बॅचलर पदवी) पूर्ण करणारा वेगवान अभ्यासक्रम अनेक विद्यापीठांत असतो. आपली तीन वर्षांची पदवी अमेरिकेतील चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची मानली जाते की नाही, यावर ती वाट आपल्याला खुली आहे की बंद हे ठरते. कम्युनिटी कॉलेजची वाट आणि ही वेगवान वाट, दोन्हींच्या पूर्वअटी बऱ्याच अंशी सारख्या असल्या तरी तंतोतंत एक नसतात, म्हणून निदान तीन कॉलेजांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात आणि सर्वांत कडक यादी आपली मानावी. त्याच वेळी त्या कॉलेजच्या नर्सिंग विभागाला राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मान्यता आहे का, हेही पाहून घ्यावे. शेवटी एनक्लेक्स-आरएन या परवाना परीक्षेला बसण्याचा मार्ग त्या मान्यतेतूनच जातो.

आता क्रम. आपल्या यादीत एक साखळी दडलेली आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाले की एक संपूर्ण सत्र वाया जाते. अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचा पहिला भाग उत्तीर्ण झाल्याशिवाय दुसऱ्यात नाव घालता येत नाही. मायक्रोबायॉलॉजीसाठी अनेक ठिकाणी आधी रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्राचा एखादा विषय झालेला असावा लागतो. काही कॉलेजे अ‍ॅनाटॉमीलाही हीच अट लावतात. ज्यांच्या कॉलेजात ही अट नसते ते रसायनशास्त्र शेवटी ढकलतात, कारण ते रुक्ष वाटते. माझ्या मते ही चूक आहे. फिजिऑलॉजीत पुढे जे कळायचे असते त्याचा मोठा भाग रसायनशास्त्राच्या पहिल्या काही धड्यांवर उभा असतो. रुग्णाला शिरेतून साधे निर्जंतुक पाणी दिले तर लाल पेशी पाणी शोषून फुगतात आणि फुटतात, तर ०.९ टक्के मिठाचे द्रावण दिले तर त्यांना काही होत नाही. रक्तातील पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर या चिंचोळ्या पट्ट्यात राहिले नाही तर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते. द्रावणाची तीव्रता, आयन आणि पेशीच्या पडद्यापलीकडे होणारी पाण्याची हालचाल हे ज्याला आधी समजलेले असते, त्याला मूत्रपिंडाचा धडा वाचून कळतो. बाकीच्यांना तो पाठ करावा लागतो, आणि परीक्षेत प्रश्न जरा फिरवून आला की पाठांतर कामाला येत नाही.

एका वर्षाचा हिशेब करून पाहू. अमेरिकेतील प्रचलित मोजमापानुसार एका क्रेडिटमागे आठवड्याला वर्गात एक तास आणि वर्गाबाहेर किमान दोन तास धरले जातात. म्हणजे प्रयोगशाळेसह चार क्रेडिटांचा एक विषय आठवड्याचे सुमारे बारा तास मागतो, आणि असे दोन विषय एकत्र घेतले की चोवीस. आपल्या नोकरीचे वीस तास मिळवले तर चव्वेचाळीस झाले. घर आणि मुलगी अजून यात धरलेलीच नाही. तीन प्रयोगशाळा-विषय एकाच सत्रात घेण्याचा सल्ला मी म्हणूनच कोणालाही देत नाही. रसायनशास्त्राची अट नसेल आणि नोकरी सोडता येणार असेल, तर शरद सत्रात (ऑगस्ट ते डिसेंबर) अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचा पहिला भाग, वसंत सत्रात (जानेवारी ते मे) दुसरा आणि उन्हाळ्यात मायक्रोबायॉलॉजी असे एका वर्षात बसवता येते. आपल्या परिस्थितीत मात्र मी पुढील मांडणी सुचवेन.

पहिल्या शरद सत्रात रसायनशास्त्र आणि विकासात्मक मानसशास्त्र घ्यावे. वसंत सत्रात अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचा पहिला भाग आणि सोबत संख्याशास्त्र. उन्हाळ्यात फक्त पोषणशास्त्र. त्या सुटीत दुसरा भाग उरकून घेण्याचा मोह होईल, पण पंधरा-सोळा आठवड्यांचा विषय तेथे आठ आठवड्यांत कोंबलेला असतो, म्हणजे दर आठवड्याचे काम सरळ दुप्पट होते. पुढच्या शरद सत्रात दुसरा भाग आणि मायक्रोबायॉलॉजी बरोबर घ्यावे. हे सत्र सर्वांत जड जाईल, त्यामुळे नोकरीचे तास कमी करायचे असतील तर ते याच चार महिन्यांत करावेत. डिसेंबरात श्रेणी हातात येतील. त्यानंतरच्या महिन्यांत अर्ज करून पुढील शरद सत्रात नर्सिंग सुरू करता येईल. एकूण दोन वर्षे झाली खरी, पण यादीतला प्रत्येक विषय नीट श्वास घेऊन पूर्ण होतो.

अर्जाच्या तारखेपर्यंत सर्व विज्ञान विषय पूर्ण असावेत अशी काही कॉलेजांची अट असते, तर काही ठिकाणी एखादा विषय चालू असला तरी अर्ज स्वीकारतात. ही एकच ओळ संपूर्ण वेळापत्रक एका वर्षाने पुढे ढकलू शकते, म्हणून सल्लागाराकडून तिचे उत्तर लेखी, ई-मेलवर घ्यावे. टीज किंवा हेसी यांपैकी जी प्रवेश परीक्षा मागितली असेल तिची तारीखही अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचा दुसरा भाग बराचसा शिकून झाल्यानंतरची ठेवावी. टीजच्या १७० प्रश्नांपैकी ५० विज्ञानाचे असतात आणि त्यांत मानवी शरीरावरील प्रश्नांचा वाटा सर्वांत मोठा असतो.

प्रश्न : आम्ही टेक्सासमध्ये राहतो. मुलगा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात असून त्याने एपी बायॉलॉजी (हायस्कूलमध्येच शिकवला जाणारा कॉलेज-पातळीचा जीवशास्त्र विषय) घेतले आहे. त्याला नर्सिंगला जायचे आहे. एपीमुळे त्याचे विज्ञानाचे विषय वाचतील का? काही विषय ऑनलाइन किंवा दुसऱ्या कॉलेजातून स्वस्तात केले तर चालेल का?

उत्तर : एपी बायॉलॉजीचे गुण चांगले आले तर सामान्य जीवशास्त्राचे क्रेडिट मिळू शकते, पण नर्सिंगच्या यादीतील अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी किंवा मायक्रोबायॉलॉजी त्याने भागत नाही. हायस्कूल संपताच थेट नर्सिंगमध्ये प्रवेश देणारी काही विद्यापीठे आहेत. तेथे हे विषय पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच गुंफलेले असतात आणि वेगळी आखणी करावी लागत नाही. मात्र अशा प्रवेशात पुढे टिकून राहण्यासाठी पहिल्या वर्षी ठराविक श्रेणी राखावी लागते, ती अट अर्ज करतानाच वाचून घ्यावी.

दुसऱ्या कॉलेजातून विषय करण्याबाबत टेक्सासमधील विद्यार्थी तुलनेने सुखी आहेत. तेथील सरकारी कॉलेजांत विषयांना सामाईक क्रमांक आहेत. अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग म्हणजे बायॉलॉजी २४०१ आणि २४०२, तर मायक्रोबायॉलॉजीसाठी २४२० आणि २४२१ असे दोन क्रमांक आहेत. त्यांतला पहिला विज्ञान शाखेबाहेरील विद्यार्थ्यांसाठी आणि दुसरा विज्ञान शाखेसाठी आहे. आपल्या नर्सिंग विभागाला यांपैकी कोणता चालतो, एवढे विचारून घेतले की पुष्कळ धोका टळतो.

राज्य बदलणार असेल तर मात्र सावध राहावे. कॅलिफोर्नियातील अनेक कॉलेजांत शरीररचना आणि शरीरक्रिया हे दोन स्वतंत्र विषय म्हणून शिकवतात. इतर ठिकाणी दोन्ही एकत्र गुंफून, पहिल्या भागात पेशी, त्वचा, हाडे, स्नायू आणि चेतासंस्था, तर दुसऱ्या भागात रक्त, हृदय, श्वसन, पचन आणि मूत्रपिंड अशी वाटणी असते. एका पद्धतीतला अर्धा आणि दुसऱ्या पद्धतीतला अर्धा असे जोडले तर काही प्रकरणे दोनदा होतात आणि काही सुटतात, आणि प्रवेश समिती अशी जोडी बहुधा मान्य करत नाही. जेथे पहिला भाग केला तेथेच दुसरा करावा. ऑनलाइन व्याख्यानांना फारसा कोणाचा विरोध नसतो. ऑनलाइन प्रयोगशाळेला काही विभाग नकार देतात, आणि माझी सहानुभूती त्या विभागांकडे आहे. जिवाणूंचे दोन गट रंगावरून वेगळे ओळखण्याच्या ग्रॅम स्टेनिंगमध्ये जांभळा रंग, आयोडीन, अल्कोहोल आणि शेवटी तांबडा सॅफ्रानिन असा क्रम असतो. अल्कोहोल काही सेकंद जास्त राहिले की जांभळे राहायला हवे होते ते जिवाणूही गुलाबी दिसू लागतात. प्रतिजैविकाची निवड ज्या निरीक्षणावर अवलंबून असू शकते ते इतके नाजूक असते, हे स्वतःची काचपट्टी बिघडल्यावर जितके कळते तितके पडद्यावरील चित्रातून कळत नाही.

प्रश्न : अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीच्या पहिल्या भागात मला सी मिळाला. कॉलेजच्या नियमाप्रमाणे मी उत्तीर्ण आहे. पुढे जावे की तोच विषय पुन्हा करावा?

उत्तर : किमान सी ही अर्ज करण्यासाठीची पात्रता आहे. जागा थोड्या आणि अर्ज पुष्कळ असतात तेथे निवड त्याहून वरच्या श्रेणींवर होते, आणि अनेक विभाग विज्ञान विषयांची सरासरी वेगळी काढतात. तरीही लगेच पुन्हा नाव नोंदवू नये. आपला विभाग पुनरावृत्तीनंतर वरची श्रेणी धरतो, नंतरची धरतो, की दोहोंची सरासरी काढतो, हे आधी पाहावे. काही ठिकाणी ठराविक वर्षांत एकदाच पुनरावृत्ती करता येते. सरासरी काढणाऱ्या विभागात सी आणि ए मिळून बी होतो, आणि तेवढ्यासाठी एक सत्र घालवण्यापेक्षा दुसऱ्या भागात आणि मायक्रोबायॉलॉजीत ए मिळवणे अधिक फायद्याचे ठरू शकते. वरची श्रेणी धरत असतील तर पुनरावृत्ती सरळ लाभाची आहे.

सी कशामुळे आला हेही शोधावे लागेल. व्याख्यानाच्या परीक्षेत गुण गेले की प्रयोगशाळेच्या? प्रयोगशाळेच्या परीक्षेत टेबलांवर प्रतिकृती आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्ट्या मांडलेल्या असतात. प्रत्येक ठिकाणी टाचणी किंवा क्रमांक लावलेला असतो, आणि मिनिटभरात त्या अवयवाचे नाव लिहून पुढे सरकायचे असते. नाव ओळखूनही स्पेलिंग चुकल्यामुळे गुण गमावणारे बरेच असतात, विशेषतः ज्यांचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे असे. आपले गुण तेथे गेले असतील तर विषय पुन्हा करण्याची गरज नाही. प्रयोगशाळा सरावासाठी खुली असते त्या वेळेत आठवड्यातून दोनदा जाऊन प्रतिकृती हातात घ्यावी आणि नाव न पाहता कागदावर लिहून मग पडताळावे.

गुण व्याख्यानात, त्यातही चेतासंस्थेच्या प्रकरणात गेले असतील, तर मात्र दुसऱ्या भागाआधी थांबणे योग्य ठरेल. चेतापेशीत सोडियम आत येणे आणि पोटॅशियम बाहेर जाणे हा क्रम ज्याला पक्का माहीत नाही, त्याला दुसऱ्या भागातील हृदयाचे प्रकरण त्याच जागी अडवते. त्या एका प्रकरणाची आकृती पुस्तक मिटून स्वतः काढून पाहावी आणि प्रत्येक टप्प्यावर कोणता आयन कोठून कोठे जातो हे कोणाला तरी मोठ्याने समजावून सांगावे. सत्र सुरू होण्याच्या आधी हे अडखळल्याशिवाय जमू लागले तर दुसऱ्या भागाला नाव घालण्यास हरकत नाही. त्या सत्रात पहिली परीक्षा फार वाईट गेली तर विषय सोडण्याची शेवटची तारीख लक्षात ठेवावी. गुणपत्रकावरील एका डब्ल्यूमुळे (विषय मध्येच सोडल्याची नोंद) विज्ञानाची सरासरी बदलत नाही, पण त्या विषयात डी आला तर ती खाली ओढली जाते.