लिनक्स सर्व्हरवर पॅमची (लॉगिन हाताळणाऱ्या यंत्रणेची) आवृत्ती १.७.० पेक्षा जुनी दिसते. सीव्हीई-२०२५-६०२० (सीव्हीई म्हणजे सुरक्षा त्रुटीचा नोंदणी क्रमांक) या त्रुटीचा मला धोका आहे का?

पॅम_नेमस्पेस हे पॅमचं मॉड्यूल (जोडभाग) चालू असेल आणि ते वापरकर्त्याच्या ताब्यातल्या फोल्डरवर काम करत असेल, तरच धोका आहे. नुसत्या आवृत्तीवरून ठरवू नका. हे मॉड्यूल लॉगिनच्या वेळी प्रत्येकाला वेगळी तात्पुरती किंवा होम डिरेक्टरी लावून देतं आणि ते काम रूटच्या (सर्वाधिकार असलेल्या खात्याच्या) अधिकाराने होतं. १.७.० पर्यंत ते मार्ग तपासणं आणि वापरणं यांच्यामध्ये फट राहत होती. मशीनवर साधं खातं असलेला माणूस नेमक्या त्या क्षणी फोल्डरच्या जागी सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे नेणारा दुवा) ठेवून रूट होऊ शकतो. खातंच नसलेल्याला बाहेरून हे जमत नाही.

आधी ईटीसीखालच्या पॅम.डी मधल्या फाइलींत मॉड्यूलचं नाव शोधा. सापडलं तरी घाबरू नका, रेड हॅट घराण्यातल्या लिनक्समध्ये एसएसएचच्या (दुरून लॉगिनच्या) फाइलीत ते असतंच. खरं उत्तर ईटीसीखालच्याच सिक्युरिटी फोल्डरमधल्या नेमस्पेस.कॉन्फमध्ये मिळेल: तिथल्या आणि शेजारच्या नेमस्पेस.डी फोल्डरमधल्या .कॉन्फ फाइलींतल्या सगळ्या ओळी # ने बंद असतील तर मॉड्यूल काही करत नाही. होम डिरेक्टरीची ओळ उघडी असेल तर अपडेट होईपर्यंत ती बंद ठेवा. शेजारची नेमस्पेस.इनिट स्क्रिप्टही वाचा, कारण तीही रूट म्हणून चालते आणि स्वतः बदललेली असेल तर अपडेटने सुधारेलच असं नाही.

दुरुस्ती १.७.१ मध्ये आली, पण लिनक्सची वितरणं (रेड हॅटसारख्या तयार प्रणाली) ती जुन्या आवृत्तीतच बसवून देतात. म्हणून पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदीत) सीव्हीई क्रमांक शोधा.