खांदे भरून येतात, काय करू?

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये शिकतो. ट्यूक्सबरी गावची १४७१ ची लढाई जुन्या वेशात पुन्हा उभी करतात, त्या प्रयोगात उतरायचंय. पण कड्यांचं दहा किलोचं चिलखत घातलं की अर्ध्या तासात खांदे भरून येतात.

उत्तर : कमरेला पट्टा बांधता का? दोन्ही हात वर करा, चिलखत वर ओढून घ्या, पट्टा घट्ट आवळा आणि वरच्या कड्या त्यावर थोड्या ओघळू द्या. बरंचसं वजन कमरेवर येतं. माझा पहिला उन्हाळा पट्ट्याशिवाय गेला. खांद्यांवर कड्यांचे वळ उठले होते.

आणि आत काय घालता? नुसत्या टी-शर्टवर कधीही उतरू नका! कड्या धार अडवतात, मार नाही. बोथट तलवारीनेही हाड मोडतं. फ्रान्सचा राजा अकरावा लुई याच्या काळात, म्हणजे याच लढाईच्या सुमारास, सैनिकाच्या जाड अंगरख्याला कापडाचे २५ ते ३० थर आणि वर हरणाचं कातडं लागे. कापडही वापरून मऊ झालेलं हवं असे. मी जुन्या लिननच्या चादरींचे बारा थर घेतले, गोधडीसारखे धावदोरे घातले. काखेत मात्र थर कमी ठेवा, नाहीतर तलवार डोक्यावर जातच नाही.